मजुरीचा प्रश्न कॉमन्समध्ये : शापूरजी सकलातवालांच्या संसदीय कामाचा आढावा

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या त्या दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजावर. कारखान्याच्या दक्षिणेला, आजच्या बालोद जिल्ह्यात असलेल्या या डोंगरांत लोखंड आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच नोंदवून ठेवले होते. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्या नोंदीकडे कोणी फिरकले नाही. जमशेदजी टाटांची माणसे आधी चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला खनिज शोधत होती. तिथे मनाजोगे काही हाती लागेना, तेव्हा थोरले चिरंजीव दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्यांना भेटायला गेले. तिथे थांबावे लागले म्हणून ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले आणि त्यांना बोसांनी केलेला नकाशा दिसला. टाटांचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड राजहऱ्याच्या माथ्यावर पोचले, तेव्हा पायाखालचा दगड धातूसारखा वाजत होता. पण लोखंड वितळवण्याजोगा कोळसा आणि पुरेसे पाणी जवळपास नव्हते. मोहीम मयूरभंजकडे वळली, कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला आणि राजहऱ्याचे लोखंड पुढे पन्नास वर्षे जागेवरच राहिले.

त्या शोधाच्या वर्षांत टाटांचा एक ऐन तिशीतला भाचा मध्य प्रांत आणि ओरिसाच्या जंगलांत लोखंड, कोळसा, चुनखडी शोधत हिंडत होता. तीन वर्षांच्या रानातल्या मुक्कामाने त्याला हिवताप जडला. प्रकृती सुधारावी आणि टाटांचे मँचेस्टरचे कामही सांभाळावे म्हणून १९०५ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. पुढे लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून तो दोनदा हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेला, दुसऱ्यांदा तर उघडपणे कम्युनिस्ट म्हणून. हा माणूस म्हणजे शापूरजी दोराबजी सकलातवाला (१८७४–१९३६).

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानाबद्दल जे बोलले गेले त्यात सकलातवालांचा वाटा नेमका कोणता, त्याने काय साधले, काय साधले नाही आणि आज त्याचे मोल कसे करायचे, हे या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी आधी त्यांच्या पूर्वसूरींकडे जावे लागेल.

आधीचे दोघे, आणि काही इंग्रज मित्र

स्वातंत्र्यापूर्वी हाउस ऑफ कॉमन्समध्ये तीन हिंदी माणसे निवडून गेली. तिघेही पारशी, तिघांचीही कर्मभूमी आधी मुंबई, आणि तिघांचे पक्ष मात्र तीन. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फे सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून आले आणि १९०६ पर्यंत टिकले. तिसरे सकलातवाला.

दादाभाईंचा युक्तिवाद न्यायबुद्धीला आवाहन करणारा होता. इंग्रजी राज्याने दिलेली वचने इंग्रजांनी पाळावीत, हिंदुस्थानातून वाहून जाणारी संपत्ती थांबवावी, सनदी नोकरीच्या परीक्षा लंडनप्रमाणे हिंदुस्थानातही घ्याव्यात. या शेवटच्या मागणीचा ठराव १८९३ च्या जूनमध्ये हर्बर्ट पॉल यांनी मांडला, दादाभाईंनी त्याला अनुमोदन दिले आणि सभागृहाने तो मंजूरही केला. सरकारने मात्र त्याची अंमलबजावणी केली नाही. वादात जिंकूनही पदरात काही न पडण्याचा हा धडा पुढच्या प्रत्येकाला गिरवावा लागला. दादाभाईंचे टिकाऊ काम ठरावापेक्षा आकडेवारीत आहे. हिंदी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनचे ते सदस्य होते आणि १९०१ मध्ये आलेला त्यांचा गरिबीवरचा ग्रंथ पुढच्या दोन पिढ्यांच्या अर्थकारणाचा पाया झाला.

भावनगरींचे नाव मराठी वाचकाने सहसा चेष्टेच्या सुरातच ऐकलेले असते. ते साम्राज्यनिष्ठ होते, आयर्लंडच्या स्वराज्याचे विरोधक होते, आणि राष्ट्रीय सभेच्या मंडळींना ते आपल्याविरुद्ध उभे केलेले प्यादे वाटत. त्यांच्या कामाची नोंद मात्र इतकी एकेरी नाही. हिंदुस्थानात तांत्रिक शिक्षण द्या, उद्योग उभे राहू द्या, असे ते सभागृहात सातत्याने सांगत राहिले. बोअर युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या निर्बंधांचा प्रश्न त्यांनी चिकाटीने लावून धरला. त्यासाठीची माहिती त्यांना पत्रांतून पुरवणारा माणूस जोहान्सबर्गला वकिली करत होता : मोहनदास गांधी. वसाहतमंत्री लिटल्टन यांना भावनगरींनी दिलेले निवेदन हा त्या काळच्या संसदीय कामाचा उत्तम नमुना मानता येईल. पक्षाशी निष्ठा राखूनही मंत्र्याला अडचणीत आणता येते, हे त्यांनी दाखवले.

या दोघांभोवती इंग्रज सहानुभूतीदारांचे एक वर्तुळ होते. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले विल्यम वेडरबर्न १८९३ ते १९०० संसदेत होते. आसामचे माजी चीफ कमिशनर हेन्री कॉटन १९०६ मध्ये निवडून आले. मजूर पक्षाचे केअर हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थान फिरून गेले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. या मंडळींचा मुख्य भर प्रशासनावर होता : दडपशाहीचे कायदे, विनाचौकशी अटक, दुष्काळ, सारा. प्रश्न विचारायचा, मंत्र्याकडून उत्तर काढायचे आणि ते हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत छापून येईल असे पाहायचे, ही त्यांची पद्धत. गिरणीतला आणि खाणीतला मजूर या चर्चेत क्वचितच येई. केअर हार्डी तेवढे अपवाद.

बॅटरसीचा उमेदवार

सकलातवालांची आई जेरबाई ही जमशेदजी टाटांची बहीण. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत त्यांनी लस शोधणाऱ्या हाफकीन यांच्याबरोबर काम केले. गोऱ्यांच्या क्लबाच्या दारात झालेला अपमान आणि चाळींतले मृत्यू हे त्या काळचे अनुभव त्यांच्या सर्व चरित्रकारांनी महत्त्वाचे मानले आहेत. इंग्लंडमध्ये सॅली मार्श या इंग्रज तरुणीशी त्यांचे १९०७ मध्ये लग्न झाले. १९०९ च्या सुमारास ते स्वतंत्र मजूर पक्षात शिरले आणि १९२१ मध्ये नव्या कम्युनिस्ट पक्षात.

बॅटरसी हा थेम्सच्या दक्षिणेचा कामगारांचा भाग, जुन्या बंडखोर परंपरेचा. जॉन आर्चर हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता १९१३ मध्येच तिथला महापौर झाला होता. सकलातवालांच्या निवडणुकीची सूत्रे त्याच्याच हाती होती. १९२२ मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर सकलातवाला २,०२१ मतांनी जिंकले. पुढच्याच वर्षी १८६ मतांनी हरले. १९२४ मध्ये, कम्युनिस्टांविरुद्ध वातावरण अगदी तापलेले असताना, ५४२ मतांनी पुन्हा जिंकले आणि १९२९ पर्यंत सभागृहातले एकमेव कम्युनिस्ट सदस्य राहिले. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सकलातवाला हिंदुस्थानाविषयी बोलत ते लंडनच्या मजुरांच्या मतांवर निवडून येऊन. दादाभाई आणि भावनगरी यांच्याही मतदारसंघांत कष्टकरी होते, पण त्या कष्टकऱ्यांच्या आणि हिंदी कष्टकऱ्यांच्या हिताची सांगड घालून मते मागणारे पहिले सकलातवाला.

एक सूत्र, अनेक विषय

त्यांची संसदेतली भाषणे एका सूत्रावर चालतात. ब्रिटिश भांडवल हिंदुस्थानात जाते, तिथे अत्यल्प मजुरीवर माल काढते आणि त्याच मालाच्या जोरावर इंग्लंड-स्कॉटलंडच्या मजुराची मजुरी पाडते. म्हणून हिंदी मजुराची संघटना हा ब्रिटिश मजुराच्याही पोटापाण्याचा प्रश्न आहे. त्यांचे आवडते उदाहरण तागाचे. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या गिरण्या बंद पडत, तिथले मजूर बेकार होत आणि त्याच वेळी बंगालमधल्या स्कॉटिश भांडवलाच्या गिरण्या भरघोस नफा वाटत. दोन्ही टोकांना हात तेच होते. डंडीतल्या बेकाराला हिंदी मजूर आपला वैरी वाटत असेल, तर तो चुकतो आहे, असे सकलातवाला सांगत.

हे सूत्र छत्तीसगडातही पडताळून पाहता येते. भिलाईपासून जवळच राजनांदगावला शॉ वॉलेस या ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातली बंगाल नागपूर कॉटन मिल होती. १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथले मजूर महिन्याहून अधिक काळ संपावर होते. कारभारी कलकत्त्यात, भागधारक सातासमुद्रापार आणि घाम गाळणारा नांदगावात, अशी ही रचना. सकलातवाला कॉमन्समध्ये जी मांडणी करत तिचा पुरावा असा आपल्या दाराशी होता.

कोळशाबाबतही तेच. १९२६ मध्ये ब्रिटनमधल्या खाणमजुरांच्या मजुरीवर कुऱ्हाड आली आणि मे महिन्यात देशव्यापी संप झाला. सकलातवाला त्या चर्चांमध्ये हिंदुस्थानातल्या खाणी आणत, जमिनीखाली उतरणाऱ्या बायका आणत. सभागृहातल्या अनेकांना हे विषयांतर वाटे. त्यांच्या दृष्टीने तोच विषय होता. संपाच्या तोंडावर हाइड पार्कातल्या मे दिनाच्या सभेत त्यांनी सैनिकांना मजुरांवर गोळ्या झाडू नका असे आवाहन केले. त्याबद्दल जामीन द्यायला नकार दिल्यावर त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. ती भोगून ते पुन्हा सभागृहात येऊन बसले.

आयर्लंडवरचे त्यांचे भाषण त्यांच्या स्वभावाची ओळख देणारे आहे. १९२२ च्या नोव्हेंबरात, सभागृहात येऊन पंधरवडाही झाला नसताना, आयरिश फ्री स्टेटच्या घटनेचे विधेयक चर्चेला आले. सगळे पक्ष त्यामागच्या आयर्लंडशी झालेल्या तहाचे स्वागत करत होते. नवख्या सकलातवालांनी विरोध केला. युद्धाची धमकी देऊन सही करून घेतलेला करार हा करार नव्हे आणि अशा करारातून शांतता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. त्याच वेळी आयर्लंडमध्ये यादवी चालू होती, हे ध्यानात घेतले तर हा विरोध केवळ हट्टापोटी नव्हता हे कळते.

सायमन कमिशन आणि मीरत

हिंदुस्थानच्या राज्यकारभारावरची त्यांची सर्वांत महत्त्वाची झुंज १९२७ ची. त्या नोव्हेंबरात सरकारने घटनात्मक सुधारणांसाठी सात जणांचे कमिशन जाहीर केले, सातही ब्रिटिश. मजूर पक्षाच्या नेतृत्वाने त्याला संमती दिली आणि क्लेमंट अ‍ॅटली व व्हर्नन हार्टशॉर्न हे आपले दोन सदस्यही दिले. सकलातवालांनी कमिशनच्या मुळावरच बोट ठेवले. एका देशाने दुसऱ्या देशाची लायकी तपासायची, हा अधिकार आला कुठून, हा त्यांचा सवाल. पुढच्या फेब्रुवारीत कमिशन मुंबईला उतरले तेव्हा काळ्या निशाणांनी तोच सवाल केला. इथे सकलातवाला हिंदी जनमताच्या बरोबरीने होते आणि ब्रिटिश मजूर पक्षाच्या पुढे होते, असे म्हणायला हरकत नाही.

मीरतच्या खटल्याच्या वेळी मात्र त्यांच्या हाती वेळच उरला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा सहा महिन्यांचा संप आणि गिरणी कामगार युनियनची वाढ पाहून सरकार हादरले होते. २० मार्च १९२९ ला देशभरातून धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे ही मराठी कामगार चळवळीतली नावे त्यात होती, आणि खटल्यातल्या आरोपींत तीन इंग्रजही. हिंदी आणि ब्रिटिश मजूर चळवळ आरोपींच्या एकाच पिंजऱ्यात उभी राहिली. पण मे अखेरच्या निवडणुकीत सकलातवाला हरले. कम्युनिस्ट पक्षाने मजूर पक्षाशी उभा दावा धरल्यामुळे बॅटरसीत मजूर पक्षाने आपला उमेदवार दिला आणि जुनी युती मोडली. मीरतच्या आरोपींना सर्वाधिक गरज असताना कॉमन्समध्ये तो आवाज नव्हता.

तीन बाजूंचे आक्षेप

सकलातवालांवर टीका सरकारने केली, गांधीजींनी केली आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही केली.

सरकारने त्यांना धोकादायक मानले. १९२५ मध्ये जगभरच्या संसद सदस्यांच्या परिषदेसाठी ते अमेरिकेला जाणार होते. परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा प्रवेश रद्द केला. १९२७ च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले, शहराशहरांत सभा झाल्या, आणि ते परत गेल्यावर त्यांना मायदेशी यायला बंदी झाली. ही बंदी मरेपर्यंत उठली नाही; मधल्या मजूर सरकारनेही ती उठवली नाही.

त्याच दौऱ्यात त्यांनी गांधीजींना खुले पत्र लिहिले. चरख्याने मजुराची सुटका होणार नाही, महात्मेपणाच्या पूजेने लोकांत दास्य वाढते, तुम्ही कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेला हात घाला, असा त्याचा आशय. गांधीजींनी १७ मार्च १९२७ च्या ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. सकलातवालांच्या तळमळीचा त्यांनी मान राखला, पण भांडवल आणि श्रम यांच्यातले वैर अटळ आहे हे मान्य केले नाही. अहमदाबादच्या मजूर महाजनाचा त्यांचा अनुभव वेगळा होता. हा वाद आजही वाचण्याजोगा आहे, कारण दोघेही एकमेकांचे म्हणणे नीट समजून बोलतात.

पक्षाची टीका खासगी आयुष्यावर आली. १९२७ च्या जुलैत त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या पाच मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, केली. धर्म मानणाऱ्या कम्युनिस्टाला पक्षाने जाहीरपणे फटकारले. टाटांची नोकरीही त्यांनी १९२५ पर्यंत सोडली नव्हती. विरोधकांनी याचा पुरेपूर उपयोग केला. या विसंगती खऱ्या आहेत, पण त्यामुळे सकलातवालांच्या युक्तिवादाला बाधा येत नाही. टाटांच्या नफ्याला त्यांनी परकीयांच्या नफ्यापेक्षा वेगळा न्याय लावला नाही. भांडवलदार देशी असला म्हणून मजुराचे पोट भरत नाही, हे ते स्वतःच्या कुळाला वगळून बोलले नाहीत.

खरी उणीव दुसरीकडे आहे, आणि ती मराठी वाचकाच्या चटकन लक्षात यावी. सकलातवालांच्या मांडणीत वर्ग आहे, साम्राज्य आहे, वंशभेद आहे. जातीला स्वतंत्र जागा फारशी नाही. ज्या मुंबईच्या गिरण्यांची उदाहरणे ते देत, तिथे अस्पृश्य मजुराला जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू देत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती सवर्ण मजुरालाच होती. हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी संपाच्या काळात ऐरणीवर आणला. १९२८ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे साक्षही दिली. ज्या कमिशनवर बहिष्कार हाच सकलातवालांना एकमेव सन्माननीय मार्ग वाटत होता, त्याच्यापुढे जाण्यावाचून ज्यांना दुसरी वेस उघडी नव्हती अशी माणसे हिंदुस्थानात होती. मजूर एकच असतो हे सूत्र डंडी आणि बंगालला जोडते. परळच्या एका गिरणीतल्या दोन खात्यांना जोडताना ते अपुरे पडते.

चरित्रकारांचा न्याय

सकलातवालांवरचे लिखाण बहुतेक इंग्रजीत आहे. पंचानन साहा यांचे छोटे चरित्र, माइक स्क्वायर्स यांचे राजकीय चरित्र, कन्या सेहरी सकलातवाला यांचे आठवणींनी भरलेले पुस्तक आणि मार्क वॉड्सवर्थ यांचे पुस्तक, हे त्यातले मुख्य. स्क्वायर्स त्यांना ब्रिटिश डाव्या चळवळीत ठेवून पाहतात, सेहरी कुटुंबवत्सल बाप आणि लढवय्या यांचा मेळ घालतात, तर वॉड्सवर्थ त्यांना ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांच्या राजकारणाचे पूर्वज मानतात. स्पेनच्या यादवीत लढलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचे नाव दिले गेले, ही बाब सगळे नोंदवतात. मध्य प्रांतातली त्यांची तीन वर्षे मात्र या पुस्तकांत प्रस्तावनेसारखी उरकली जातात. माझ्या मते ती प्रस्तावना नव्हे. कॉमन्समधल्या सहाशेहून अधिक सदस्यांत लोखंड-कोळशाच्या शोधासाठी हिंदुस्थानच्या रानात राबलेला, आणि ते काढणारे हात कोणाचे असतात हे पाहिलेला माणूस दुसरा सापडणे कठीण.

भिलाईतून पाहताना

टाटांनी सोडून दिलेल्या राजहऱ्यावर अखेर सरकारी कारखाना उभा राहिला. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. सकलातवाला १९३४ मध्ये सोव्हिएत मुलूख पाहून आले होते आणि तिथल्या उद्योगीकरणाचे गोडवे गात होते. कारखाना सरकारचा, तंत्र सोव्हिएत, खनिज राजहऱ्याचे : त्यांना हवा तो नकाशा इथे कागदावर तरी पुरा झाला होता.

प्रत्यक्षात त्यांचा प्रश्न इथेही उरला. कारखान्यातल्या कायम कामगाराला वसाहत, दवाखाना, शाळा मिळाली. खाणीत तेच खनिज फोडणाऱ्या कंत्राटी मजुराला त्यातले फार थोडे मिळाले. १९७७ मध्ये दल्ली-राजहऱ्याचे कंत्राटी मजूर शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली संघटित झाले, त्या जूनमध्ये गोळीबारात अकरा जण मारले गेले, आणि २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींची भिलाईत हत्या झाली. एकाच मालासाठी दोन मजुऱ्या असतील तर कमी मजुरी जास्त मजुरीला खाली ओढते, हे डंडी-बंगालचे गणित एका कारखान्याच्या कुंपणाच्या आत आणि बाहेरही तसेच सुटते.

निवाडा

कायद्यांच्या हिशेबाने सकलातवालांच्या खाती शून्य आहे. त्यांनी मांडलेले एकही विधेयक कायदा झाले नाही आणि त्यांच्या भाषणाने एखादे सरकार डळमळले नाही. दादाभाईंनी निदान ठराव जिंकला होता, भावनगरींनी मंत्र्यांकडून लेखी उत्तरे काढली होती. पण वादसभेत माणसाचे मोल आणखी एका मापाने करावे लागते : त्याच्यानंतर प्रश्न आधीसारखाच विचारता येतो का? दादाभाईंनंतर हिंदुस्थानची गरिबी ही दैवाची गोष्ट आहे असे म्हणणे अवघड झाले. सकलातवालांनंतर हिंदी मजुराचा प्रश्न दूरच्या देशातला दयेचा विषय म्हणून मांडणे ब्रिटिश मजूर चळवळीला अवघड झाले. जातीचे भान कमी पडले आणि शेवटी पक्षाच्या ताठर धोरणाने त्यांची जागा घालवली, ही दोन्ही उणी मान्य करूनही हा हिशेब जमेचाच राहतो.

कॉमन्सच्या चर्चांचे अधिकृत वृत्त, हॅन्सार्ड, आज संगणकावर कोणालाही फुकट वाचता येते. दादाभाई, भावनगरी आणि सकलातवाला या तिघांच्या निवडक भाषणांचे सटीप मराठी पुस्तक एखाद्या विद्यापीठाने किंवा प्रकाशकाने हाती घ्यावे. त्यात सकलातवालांची तागावरची, कोळशावरची आणि सायमन कमिशनवरची भाषणे असावीत, आणि गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी पूर्ण छापावा. कामगार चळवळीचा इतिहास गिरणगावापासून सुरू करणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचे एक टोक वेस्टमिन्स्टरला आणि दुसरे राजहऱ्याला आहे, हे त्यातून पुराव्यानिशी दिसेल.